कार्मेलिनच्या नावाचं जेवण

मालवण, २० ऑक्टोबर २०२४

सँड्रीना बाय,

तुझं पत्र सिडनीने छापून आणून दिलं. कागद आडवा छापला मेल्याने, मान वाकडी करून वाचावं लागलं. छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांच्या वह्या तपासल्या, पण स्वतःच्या पोराला कागद सरळ धरायला शिकवता आलं नाही. तरी हीच पद्धत बरी. मी हाताने लिहायचं, त्याने फोटो काढून धाडायचा, तू टेकडीवर टॉवरखाली जाऊन घ्यायचा. फोनवर तू नुसतं "बरी आसंय" म्हणतेस आणि पुढे खरखर ऐकू येते.

वर्गाच्या नकाशावर मोझांबिक मी शंभरदा तरी दाखवलं असेल. आपल्या घरातलं माणूस तिथे मिशनचा दवाखाना चालवायला जाईल असं मात्र कधी मनात आलं नव्हतं. तुझी आई असती तर चर्चच्या पायरीवर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत बसली असती.

आता कामाचं. बावीस नोव्हेंबरला तुझ्या आईला, आमच्या कार्मेलिनला, जाऊन वर्ष होतं. इथे चर्चमध्ये मिस्सा मी सांगितली आहे. पण तिच्या नावाने भिकाऱ्यांचं जेवण तू तिथे घाल. इथे आता ते होत नाही. सिडनीच्या लग्नाआधी, घरातल्या गेलेल्यांच्या नावाने, घालायचं ठरवलं, तर पंगतीला बसायला एक गरीब मिळेना. शेवटी त्याचे मित्र बसवले. ते मोटरसायकलींवरून आले आणि जेवण झाल्यावर आइस्क्रीम आहे का म्हणून विचारलं.

तू रीत पाहिलेली नाहीस, म्हणून नीट लिहिते. पंगतीला बसणारे पाहुणे नव्हेत, ते आपल्या मेलेल्या माणसाच्या जागी बसतात. घरच्या बाईने स्वतः वाढायचं. आपण मागून जेवायचं. बसणाऱ्याने रिकाम्या हाताने यायचं. कोणी काही आणलंच तर हात जोडून, गोड बोलून परत द्यायचं, नाहीतर जेवण आत्म्याला पोचत नाही. मोठ्या घरांत हे फार कटाक्षाने पाळायचे.

एवढं कर. तुझ्या आईला बरं वाटेल.

तुझी,
इझाबेल मावशी

---

नांगोमे, सोफाला प्रांत, २५ नोव्हेंबर २०२४

प्रिय मावशी,

झालं जेवण. आणि असं झालं की तू बघायला हवी होतीस.

पन्नास माणसं बसली. चर्चबाहेर आंब्याचं मोठं झाड आहे, त्याच्या सावलीत चटया टाकल्या. आन्सेल्मोने रविवारी चर्चमध्ये सगळ्यांना निरोप दिला होता. फादर इथे महिन्यातून एकदा येतात, बाकीचे दिवस प्रार्थना, आजाऱ्यांना भेटणं, मयत, सगळं हा म्हातारा आन्सेल्मोच बघतो. मी भात केला, नारळाच्या रसातली डाळ केली आणि कोंबडीचं सुकं. मालवणी मसाला तुझा. दोघातिघांनी पाणी मागितलं.

जेवणाआधी मी उभी राहून माझ्या मोडक्या पोर्तुगीजमध्ये सांगितलं की आमच्याकडे अशी रीत आहे, आज तुम्ही गरीब म्हणून माझ्या आईच्या जागी बसला आहात, तुमच्या तोंडी घास गेला की तो तिला पोचतो. सगळे ऐकत होते. मग मी एकटीने वाढलं. बायका मदतीला उठत होत्या, त्यांना खाली बसवलं.

काहींनी गाठोडी आणली होती. कोणी भुईमूग, कोणी कसावाची मुळं. तू लिहिलंस तसं हात जोडून एकेकाला परत दिलं. दोना एर्मेलिंदाने भाताचं गाठोडं आणलं होतं, तेही. तुला आठवते ना ती? माझी खोली तिच्याच अंगणात आहे. पहिल्या महिन्यात मला मलेरिया झाला, तेव्हा आपल्या चटईवर मला निजवून ती स्वतः जमिनीवर झोपली होती. मोठ्या बाईला इथे मानाने दोना म्हणतात, पण मला ती आईच वाटते.

जेवणं अगदी शांतपणे झाली. एरवी इथे चार माणसं जेवायला बसली की गाणी म्हणतात. आईचा मान म्हणून गप्प राहिले असावेत.

तू सांगितलं नसतंस तर मला सुचलंच नसतं. आईसाठी काहीतरी केलं असं पहिल्यांदा वाटलं. ती गेली तेव्हा मी गोव्याला ड्युटीवर होते, पोचले तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते. ते आजवर सलत होतं.

तुझी,
सँड्रीना

---

मालवण, ९ डिसेंबर २०२४

सँड्रीना बाय,

या खेपेस कागद सरळ होता. तीनदा वाचला.

आणि एवढ्यावर थांबले नाही. शनिवारी आपल्या वाडीच्या खुर्साकडे, क्रुसासमोर, लादाईन होती. प्रार्थना संपली, उकडलेले चणे वाटायला घेतले, तेव्हा मी म्हटलं, थांबा, एक पत्र वाचून दाखवते. मास्तरणीला गप्प कोण करणार? सगळं वाचलं. पन्नास माणसं बसली म्हटल्यावर शेजारच्या शर्मिलाने हातातला टोप खाली ठेवला. म्हणाली, "तुमच्या घराण्याचा मोठेपणा तो." घराण्याचा म्हणाली. मी घरी येऊन बराच वेळ दारापुढच्या खळ्यात खुर्ची टाकून बसले होते.

जेवतानाचे फोटो धाड, सिडनी मोठे करून आणील. दोना एर्मेलिंदा कोणती ते बोटाने खूण करून दाखव. तिला कोंबडीचं सुकं कसं वाटलं? मसाला झेपला का?

इझाबेल मावशी

---

नांगोमे, ३ जानेवारी २०२५

प्रिय मावशी,

नवं वर्ष सुखाचं जावो. उत्तराला उशीर झाला. दवाखान्यात गर्दी आहे, पावसाने हगवणीची साथ आहे. नाताळ झाला. माझी तब्येत ठीक आहे.

फोटो काढायचे राहून गेले.

सिडनीला आठवण सांग.

सँड्रीना

---

मालवण, १३ जानेवारी २०२५

सँड्रीना,

मी म्हातारी झाले असेन, पण पत्र वाचता येतं मला. आधीची तुझी पत्रं चार-चार पानांची आणि हे औषधाच्या चिठ्ठीएवढं. आधीच्या पत्रांत दर चौथ्या ओळीला दोना एर्मेलिंदा. दोना म्हणाली, दोनाने भाजलं, दोनाने रागे भरलं. या पत्रात तिचं नाव नाही. मी तिच्याबद्दल विचारलं होतं, त्याचं उत्तर नाही. नाताळ "झाला" म्हणतेस. नाताळ कसा झाला ते लिहायला तुला कधी सांगावं लागत नव्हतं.

शाळेत पोरं खोटं बोलायची तेव्हा अशीच तोकडी उत्तरं द्यायची. कित्याक लपवतंस गो? आजारी आहेस? मिशनवाल्यांशी भांडलीस? तिथे कुणी त्रास देतंय का?

आईच्या जागी आता मीच आहे. काय झालं ते लिही.

मावशी

---

नांगोमे, ३० जानेवारी २०२५

प्रिय मावशी,

लिहिते. लिहायला घेते आणि फाडते, असं चार वेळा झालं.

जेवणाच्या दुसऱ्या दिवशी दोना एर्मेलिंदा माझ्या दारात आली नाही. रोज सकाळी ती भाजलेला मका किंवा कसावा घेऊन यायची आणि मी उठले नसले तर दार बडवायची. मला वाटलं दमली असेल. मग तिसऱ्या दिवशीही नाही, चौथ्या दिवशीही नाही. दवाखान्यात बायका यायच्या, औषध घ्यायच्या, आभार मानायच्या आणि जायच्या. आधी तास-तास बसून माझ्या पोर्तुगीजला हसायच्या. चर्चमध्ये माझ्या बाकावर मी एकटी. माझ्या मूर्खपणाची कमाल बघ, मला वाटत होतं की जेवणानंतर ही माणसं मला जरा जास्तच मान द्यायला लागली आहेत.

नाताळला इथे सगळं गाव एकत्र रांधतं. ज्याने त्याने आपल्या घरचं आणायचं आणि एकाच भांड्यात टाकायचं. मी तांदूळ आणि तेल घेऊन गेले. चुलीपाशी दोना एर्मेलिंदा होती. तिने माझी पिशवी घेतली, क्षणभर धरली आणि मला परत दिली. हात जोडून. आमच्यासारखे हात इथे कोणी जोडत नाही, मावशी. ते तिने माझ्याकडूनच शिकलं होतं.

मी पिशवी घेऊन खोलीत आले. नाताळचं जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी आन्सेल्मोकडे गेले. तो सांगायला तयार नव्हता, म्हणाला, तू मुलगी आहेस, विसरून जा. मी हटले नाही. मग तो म्हणाला की इथे कोणाच्या घरी माणूस गेलं, की असेल ते घेऊन जायचं. त्या घराने ते घेतलं, म्हणजे दुःखात तुमचा वाटा धरला. परत दिलं, म्हणजे तुम्ही आमचे कोणी नव्हेत असं सांगितलं. आणि एर्मेलिंदाने जे आणलं होतं ते खायचं भात नव्हतं, बियाणं होतं. मागच्या पुरात तिचं शेत, कोठार सगळं गेलं. पत्र्याच्या एका डब्यात थोडं बी राहिलं होतं. पेरणी आठवड्यावर आलेली. त्यातलं अर्धं तिने बांधून आणलं, कधी न पाहिलेल्या माझ्या आईसाठी. आणि मी पन्नास माणसांसमोर ते तिच्या हातात परत ठेवलं.

शेवटी आन्सेल्मो म्हणाला, "तू आम्हाला तुमच्या मेलेल्यांच्या जागी बसवलंस. पण आम्ही जिवंत आहोत, आणि आमच्या हातचं तू घेतलं नाहीस."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. ज्या बाईने मला चटई दिली तिला मी भिकारी म्हणून बसवलं, वर भाषण करून. आणि त्या रात्री तुला फुशारकीने पत्र लिहिलं. तू ते खुर्साकडे वाचलंस हे आठवलं की मी जिथे असेन तिथे अंग चोरते.

आता दुसरं. माझं वर्ष एप्रिलमध्ये संपतं. मिशनचा नियम असा की इथल्या चर्चने स्वतः "हिला ठेवा" म्हणून लिहून दिलं, तरच दुसरं वर्ष मिळतं. मिशनला वाटून चालत नाही, मला वाटून चालत नाही. चर्चच्या पंचांची सभा मार्चच्या पहिल्या रविवारी आहे आणि पंचांमध्ये एर्मेलिंदा आहे. मला इथेच राहायचं आहे, मावशी. कधी कशाची इतकी इच्छा मला झाली नव्हती. पण अशा तोंडाने कशी राहू?

दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन परत आले. तिला काय सांगू? आमची रीत आहे म्हणून? पण ती रीत आमची होती का? आईने असं जेवण कधी घातल्याचं मला आठवत नाही. तिला हे आवडायचं का? तू तिच्याजवळ शेवटपर्यंत होतीस. तेवढं मला लिही, म्हणजे एर्मेलिंदासमोर निदान खरं बोलता येईल.

सँड्रीना

---

मालवण, ५ फेब्रुवारी २०२५

सँड्रीना,

तू उगीच मनाला लावून घेतेस. पोटभर जेवू घातलं त्यात कसला अपमान? रीत ती रीत. त्यांना आपल्या चाली माहीत नाहीत, त्याला तू काय करणार. म्हाताऱ्या बायका रुसतात आणि आपोआप समजतात.

आणि नसतील ठेवून घेत, तर नको. गोव्यात नर्सांना नोकऱ्या काही कमी नाहीत. सिडनी नांदगावला बदलून गेल्यापासून सुट्टीलाच येतो, इथली वरची खोली रिकामीच आहे. तू ये आणि सुखाने राहा.

आईचं विचारलंस. तिला आवडायचं. आवडलं असतं.

मावशी

---

मालवण, १६ फेब्रुवारी २०२५

सँड्रीना बाय,

हे पत्र सिडनीच्या हाती दिलेलं नाही. गोव्याच्या मिशनच्या सिस्टर तुमच्याकडे निघाल्या आहेत असं कळलं. एसटीने म्हापशाला जाऊन बंद पाकीट त्यांच्या हाती दिलं. ते तू एकटी असताना उघड.

मागच्या पत्रात शेवटच्या दोन ओळी मी खोट्या लिहिल्या. पत्र गेलं आणि तेव्हापासून जेवण गोड लागत नाही.

मी नऊ वर्षांची होते, कार्मेलिन सात. बापूस जहाजावर होता, दोन वर्षं त्याचं पत्र नाही की काही नाही. आवस दुसऱ्यांची भातं कांडायची. खाडीपलीकडे एक मोठं घर होतं. कोणाचं ते नको. त्यांच्याकडे मुलीच्या लग्नाआधी भिकाऱ्यांचं जेवण होतं आणि त्यांनी आमच्या आवशीला निरोप धाडला, पोरींना घेऊन ये. वाचलंस ना? आम्हाला. भिकारी म्हणून.

आवशीने चार अंडी फडक्यात बांधून घेतली. रिकाम्या हाताने दुसऱ्याच्या उंबऱ्यावर कसं जायचं म्हणून. होडीभर ती फडकं मांडीवर धरून बसली होती. त्या घरच्या बाईने ती अंडी हात जोडून परत दिली. खूप गोड बोलली. म्हणाली, आज तुम्ही काही आणायचं नसतं. ती रीत मी तिथे शिकले, बाय. तुला लिहिली ती.

खळ्यात आम्हाला रांगेने बसवलं. वाढायला त्या घरची मुलगी होती, माझ्याच वर्गातली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही आणि मी तिच्याकडे पाहिलं नाही. कार्मेलिन भुकेली होती, दोन्ही हातांनी खायला लागली. ओटीवर बसलेले पाहुणे हसले. आवशीने तिच्या हातावर चापट मारली. घरी आल्यावर आवशीने ती अंडी आम्हाला दिली नाहीत, शेजारी देऊन टाकली. आम्ही त्यावर पुन्हा कधी बोललो नाही. मी शिकले, मास्तरीण झाले, चार माणसं वाकून बोलायला लागली. जुनी माणसं गेली, आता वाडीत कोणाला काही ठाऊक नाही.

तुझ्या आईने मात्र शेवटच्या आठवड्यात विषय काढला. माझा हात धरून म्हणाली, "इझाबेल, माझ्या नावान ता जेवण घालू नको हां. कोणाकच त्या रांगेत बसवू नको. माका अजून त्या खळ्याची लाज वाटता."

मी हो म्हटलं. तिच्या डोळ्यांत बघून हो म्हटलं. आणि अकरा महिन्यांनी तुला पत्र लिहायला बसले.

का, ते सांगते. मला मरायच्या आधी एकदा वाढणाऱ्यांच्या बाजूला उभं राहायचं होतं. सिडनीच्या लग्नात ते झालं नाही. मग तू तिथे गेलीस आणि मला वाटलं, तिथे खरे गरीब असतील, तुझ्या हाताने होईल आणि मी इथे चार लोकांत सांगीन. कार्मेलिनचं नाव मी फक्त वापरलं. खुर्साकडे पत्र वाचताना मला तिची आठवणही झाली नाही. शर्मिला "घराणं" म्हणाली तेवढंच ऐकू आलं.

तुला तोंडघशी मी पाडलं. तू एर्मेलिंदाला हे सगळं सांग. माझ्या नावासकट सांग. लिहितानाही हात मागे येतो, पण सांग.

इझाबेल

---

नांगोमे, १० मार्च २०२५

मावशी,

पाकीट २६ फेब्रुवारीला मिळालं. वाचून चार दिवस मी तुझ्यावर इतकी रागावले होते की तुला उत्तर लिहायचंच नाही असं ठरवलं होतं. लाज वाटली म्हणून तू गप्प राहिलीस हे समजतं. पण आई मला जे सांगू शकली नाही ते तिने तुझ्याजवळ ठेवलं होतं. मी तिथे नव्हते म्हणून. ते मला तू द्यायचंस, मावशी. त्याऐवजी तू मला त्याच्या उलट करायला लावलंस. आणि मी मूर्खासारखी खूश झाले, आईसाठी काही केलं म्हणून.

शनिवारी, सभेच्या आदल्या दिवशी, दोना एर्मेलिंदाच्या शेतावर गेले. ती चिखलात उभी राहून भातातलं गवत बेणत होती. मी चपला काढून आत उतरले आणि तिच्या शेजारी बेणायला लागले. तिने नको म्हटलं नाही, ये म्हटलं नाही. मग मी सगळं सांगितलं. होडी, अंडी, आई दोन्ही हातांनी जेवली ते, लोक हसले ते, आई शेवटी काय म्हणाली ते, तू काय केलंस ते. अंड्यांपाशी आले तेव्हा तिचा हात थांबला. बाकी वेळ ती गवत उपटत होती.

शेवटी मी म्हटलं, मला माफ कर.

ती म्हणाली, "तुझी आई नको म्हणाली होती?"

मी म्हटलं, हो.

"मग माझी माफी कशाला मागतेस? माझं गाठोडं परत आलं, मी ते पेरलं, हे उगवलंय बघ. तिचं बोलणं तुम्ही कुठे टाकलंत?"

मी वाकून पुन्हा गवत उपटायला लागले. तिने माझ्या हातातून गवत काढून घेतलं, कारण त्यात मी दोन रोपं भाताचीही उपटली होती. ती तिने परत रोवली.

रविवारी सभा झाली. मला बाहेर बसवलं होतं. आन्सेल्मोने मिशनला दिलेला कागद मी पाहिला आहे. लिहिलंय, "सँड्रीनाचं तिच्या घरी एक काम राहिलं आहे. तिला जाऊ द्या. ते करून आली तर आम्ही तिला मागतो." खाली पहिली सही एर्मेलिंदाची आहे. तिला सही येत नाही, अंगठा आहे.

मिशनने मे अखेरपर्यंत जागा ठेवली आहे. बारा एप्रिलला मी कुडाळला उतरेन. आधी आईच्या कबरीकडे जाईन, मग घरी येईन. तू बरोबर यायचं की नाही ते तू ठरव. मी बोलावत नाही आणि नको असंही म्हणत नाही.

सँड्रीना

---

मालवण, २१ मार्च २०२५

सँड्रीना बाय,

तुझं पत्र सिडनीला वाचून दाखवलं. बंद पाकिटातलं जे होतं तेही तोंडाने सांगितलं. त्याने माझा चहाचा कप उचलून मोरीत नेऊन धुतला. लग्न झाल्यापासून त्याने या घरात कप धुतलेला नाही.

शनिवारी लादाइनीनंतर खुर्साकडे पुन्हा उभी राहिले. डिसेंबरात पत्र वाचलं होतं, तेव्हा त्याचा उरलेला भागही माझ्याच तोंडून ऐकायला हवा. म्हटलं, तुम्हाला वाटलं तसं आमचं घराणं नव्हतं, आम्ही त्या रांगेत बसलेल्या पोरी आहोत. कार्मेलिनने नको म्हटलं होतं तेही सांगितलं. आवाज चढत नव्हता, मागच्यांनी ऐकलं की नाही माहीत नाही. सगळ्यांनी चणे घेतले आणि घरी गेले. शर्मिला रोज केसांत माळायला अबोलीचा वळेसर आणून द्यायची. रविवारपासून आलेली नाही. नाही येणार बहुतेक. मी सहन करीन. साठ वर्षं झाकून ठेवलं त्यापेक्षा हे हलकं आहे, पण हलकं म्हणजे सोपं नव्हे.

मग काल एकटीच कबरीकडे गेले. तू येण्याआधी आपण उरकून टाकावं, म्हणजे तुझ्यासमोर तोंड दाखवायला होईल, असा माझा हिशोब. मेणबत्ती लावली. कबरीवरचं गवत काढलं. शेजारच्या कबरीवरचंही काढलं. अर्धा तास गेला आणि माझ्या तोंडून शब्द निघेना. छत्तीस वर्षं वर्गात बडबड केलेली बाई मी. पोराटोरांना कान धरून माफी मागायला लावायची. मेणबत्ती अर्धी राहिली तशी उठले आणि परत आले.

म्हणून सांगते, मी येणार. तू उतरलीस की रिक्षाने सरळ तिथेच ये, मी फाटकापाशी थांबेन. पण आधी तू बोल. तुझी चूक फक्त ऐकल्याची आहे, तुला जमेल. तुझं ऐकून मला पहिला शब्द सापडला तर बरं.

एक लिहायचं राहिलं होतं. ते मी बंद पाकिटातही लिहिलं नाही. त्या खळ्यात रांगेत माझी जागा मागे होती आणि कार्मेलिनची माझ्या पुढे. वाढणारी माझ्या वर्गातली, म्हणून मला चांगलं वाढील असं तिला वाटलं असावं, किंवा नसेलही. ती उठली, मला पुढे ढकललं आणि म्हणाली, "तू फुडे बस गो, तुका आधी गावतला." सात वर्षांची होती, आणि माझ्यापेक्षा जास्त भुकेली होती. मी पुढे जाऊन बसले.

या खेपेस मी मागे उभी राहीन.

तुझी,
इझाबेल मावशी